चोरानं ठेवलेली कवटी

१

सुरभीनं ट्रंकेचं झाकण उघडलं आणि ती तशीच वाकून राहिली.

"काय गो, भूत बघितलंस काय?" महिपतीनं लेकीला हसत विचारलं.

ती कोरड्या आवाजात म्हणाली, "मॅडम, हाडं नायत."

दीनाबाई रोहेकर खुर्चीवरून उठल्या. दुपारी शेतावर मडक्यात भाजलेली पोपटी खाऊन सगळी मंडळी महिपतीच्या कासूच्या घरी येऊन पडवीत टेकली होती. हातांना अजून भांबुर्ड्याच्या पाल्याचा आणि भाजलेल्या वालाच्या शेंगांचा वास होता. आता ट्रंक उघडायची, यंदा मेडिकलला लागलेल्या सुरभीनं चार हाडांची नावं सांगायची, सगळ्यांनी कौतुक करायचं आणि घरी जायचं, एवढाच बेत होता.

ट्रंकेत एक कवटी होती. दोऱ्यात ओवलेली हाताची बोटं होती, पायाचं एक पाऊल होतं. बाकी मांडीचं लांब हाड नाही, मणके नाहीत, बरगड्या नाहीत. ज्या वर्तमानपत्रांत ती हाडं गुंडाळलेली होती, ते कागद मात्र नीट घड्या घालून तळाशी ठेवलेले होते.

ही ट्रंक दीनाबाईंच्या वडिलांची. डॉक्टर मोझेस रोहेकर म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, तेल्याचा पोर. मेडिकलला गेला तेव्हा बरोबरीच्या मुलांना हाडांचे सेट बापाकडून, मामाकडून मिळालेले. याला ती मुलं झोपली की मगच हाड हातात धरायला मिळे. पुढे कमाई झाल्यावर त्यांनी स्वतःचा सेट घेतला आणि मरताना मुलीला एक नियम घालून दिला. ज्याच्या घरात कोणी डॉक्टर नाही, त्याच्याच पोराला ही ट्रंक द्यायची. दीनाबाईंचे भाऊ इस्राएलला गेले. त्या पेणमध्ये राहिल्या, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि नियम पाळला.

गेल्या रविवारी ट्रंक सुरभीच्या घरी आली होती. आणणारा होता डॉक्टर नितेश, आधीच्या पाळीचा मानकरी. रोह्याच्या एसटी कँटीनमध्ये भजी तळणाऱ्याचा हा मुलगा. आता रोह्याजवळच्या वरसे गावात त्याचा स्वतःचा दवाखाना. सुरभी तेव्हा होस्टेलवर होती. ती काल आली, आणि ट्रंक आज उघडली.

"कुलूप?" दीनाबाईंनी विचारलं.

"लावलेलंच होतं. किल्ली इथं खिळ्याला." महिपतीनं भिंतीकडे बोट केलं. म्हणजे पडवीत येणाऱ्या कोणालाही ती सापडली असती.

दीनाबाईंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. चाळीस पोरांच्या वर्गात खडू कोणी फेकला हे ओळखायची सवय अशी जात नाही. नितेशनं ट्रंकेत फक्त कवटीकडे पाहिलं होतं आणि चटकन नजर काढून घेतली होती. पेणच्या हैबतराव डॉक्टरांचा मुलगा सुजय, सुरभीचा शाळासोबती, मोबाइल खिशात घालत म्हणाला, "कवटी सोडून बाकीचं कोण नेतं? कमाल आहे." महिपती पंच्याला हात पुसत होता, पुसून झाले तरी पुसतच होता. आणि त्याची म्हातारी आई, विमलबाई, बाहेर पायरीवर पाठ करून बसली होती. तिला आज उपास होता म्हणे. पोपटीतलं तिनं काहीच खाल्लं नव्हतं.

"पोलिसांत कळवायचं का?" सुजय म्हणाला.

"नको," नितेश घाईनं म्हणाला. "माणसाची खरी हाडं आहेत. आधी आपल्यालाच विचारतील. आणि मॅडम, ट्रंक तर याच घरात होती."

पुढचं तो बोलला नाही, पण सुरभीला ते ऐकू आलं. "म्हणजे आम्ही विकली?"

सुरभीनं झाकण लावलं. पहिल्या चाचणीत ती हाडांवरच नापास झाली होती. पुढच्या आठवड्यात त्याचीच तोंडी परीक्षा होती, आणि होस्टेलच्या खोलीतल्या तिन्ही मुलींचे आईबाप डॉक्टर होते.

"मॅडम, हाडं सापडली नायत आणि चोर म्हणून आमचं नाव लागलं, तर मी परत जाणार नाय कॉलेजात," ती म्हणाली. "खरंच नाय जाणार."

दीनाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण डोळे ट्रंकेवर होते. चोर घाईत नव्हता. कागदाच्या घड्या घालायला त्याच्याकडे वेळ होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा कासूला गेल्या. महिपती दुपारच्या शिफ्टला रोह्याच्या कंपनीत जायचा होता. तो अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसला होता.

"काल तुमची पंचाईतच झाली मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही आमच्या हातची कापलेली कोंबडी खात नाय, म्हणून पेणच्या बाजारातून तुमच्यासाठी वेगळं कोरं मडकं आणलं होतं. अंडी नि शेंगा वेगळ्या लावणार होतो. मडकं कुठं गेलं, देव जाणे."

"केळी होती ना. राहू दे." दीनाबाई समोर बसल्या. "महिपती, खरं सांग. पोरीनं डॉक्टर व्हावं असं तुला वाटतं का?"

त्याचा हात थांबला. "आपल्यात कोण झालंय डॉक्टर? फोनवर रडते ती. सर इंग्रजीत इचारतात, बाकीची पोरं आधीच घरी शिकून आल्यासारखी पटपट बोलतात. मी म्हटलं, नर्सिंग कर, इथं रोह्यात नोकरी मिळंल. बापाला वाटणार नाय काय मॅडम?"

"ट्रंक नसती तर ती परत आली असती."

महिपतीनं वर पाहिलं. डोळ्यांत राग होता, आणि रागाखाली भीती. "आली असती. पण मला ट्रंक घालवायची असती तर सगळीच उचलून खाडीत टाकली असती. कवटी कशाला ठेवीन? रविवारी डॉक्टरनं उघडून दाखवली तेव्हापासून रात्रीचा उठलो की तीच दिसते मला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या हैबतरावाच्या पोराला इचारा. काल म्हणाला ना, मी पहिल्यांदाच आलो तुमच्याकडं? खोटं. बुधवारी त्याची गाडी फाटकाशी उभी बघितली मी."

दीनाबाई उठल्या. संक्रांत दोनच दिवसांवर आली होती. पिशवीतला तिळगुळाचा पुडा त्यांनी पायरीवरच्या विमलबाईंपुढे धरला. म्हातारीनं हात मागं घेतले.

"नको बाय. यंदा नाय घ्यायचा."

"का हो? दुखणं आहे का काही?"

"गुडघा दुखतो," विमलबाई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दीनाबाईंना हसू आलं. गुडघ्याचा आणि तिळगुळाचा काय संबंध? दारातून त्यांना आतला देव्हारा दिसत होता. देवांवर पांढरा रुमाल झाकलेला होता. या घरी त्या वर्षानुवर्षं येत होत्या, आणि देव्हाऱ्यात दिवा नाही असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

३

सुजय वडिलांच्या हॉस्पिटलात, पेणमध्येच सापडला. तो अजून मेडिकलचा विद्यार्थी, सुट्टीवर आलेला, तरी सिस्टर त्याला 'डॉक्टर' म्हणत होती आणि तो 'ओ' देत होता. भिंतीवर आजोबांचा फोटो, त्याच्या शेजारी वडिलांचा. तिसऱ्या फोटोसाठी खिळासुद्धा मारून ठेवलेला होता.

"बुधवारी कासूला कशाला गेला होतास?"

सुजयचे कान लाल झाले. शाळेतही खोटं पकडलं की असेच व्हायचे. "मणके बघायला. आमच्या कॉलेजात सगळं प्लॅस्टिक आहे मॅडम. खऱ्या मणक्याचे बारकावे त्यात नसतात."

"मग काल लपवलंस का?"

"सुरभीची ट्रंक तिच्याआधी उघडायला गेलो, हे कसं सांगू? ती आधीच म्हणते, तुला सगळं ताटात वाढून मिळतं." तो थोडं हसला. "खोटं नाही म्हणा. आजोबांच्या सेटमधल्या फीमरनं, मांडीच्या हाडानं, मी या जिन्यात क्रिकेट खेळलोय. हाडांची भीती काय असते, मला माहीतच नाही."

"मणके बघितलेस?"

"छे. आजींनी हातच लावू दिला नाही. ऊन होतं, पाणी मागितलं तर तेही दिलं नाही. म्हणाल्या, आमच्या घरचं आता पिऊ नकोस, शेजारी जाऊन पी." सुजयला ते अजून लागलेलं दिसत होतं. "आम्ही मोठे डॉक्टर, म्हणून राग असेल."

दीनाबाई रस्त्यावर येऊन थांबल्या. ज्या घरात वाटसरूलाही गूळपाणी मिळतं, तिथं पोराला पाणी नाकारलं? सुजय खोटं बोलत होता, की त्या घरात त्यांच्या नजरेआड काही घडलं होतं?

आणि नितेश कवटीकडे तसा का पाहत होता?

४

रोह्याला उतरून वरशापर्यंत रिक्षा केली. नितेशच्या दवाखान्यात गर्दी होती. त्यानं मॅडमना मागच्या दारानं घरात नेलं. हॉलमध्ये त्याची मुलगी मनाली अभ्यासाला बसली होती. भिंतीवर मानवी शरीराचा मोठा तक्ता होता.

"हीसुद्धा मेडिकलला?"

"पुढच्या वर्षी परीक्षा," नितेश अभिमानानं म्हणाला.

"म्हणून तू ट्रंक द्यायला टाळाटाळ केलीस. मी किती फोन केले."

त्यानं मनालीला खुणेनं आत पाठवलं. "मॅडम, वाटलं खरं. त्या ट्रंकेनं मला घडवलं. आपली पोरगी त्यावरच शिकावी असं वाटलं."

"मनालीच्या घरात डॉक्टर आहे, नितेश."

"मी?" त्यानं असं विचारलं, जणू हे त्याला आत्ताच कळत होतं. कँटीनमधल्या भज्यांच्या वासात अभ्यास केलेला पोर अजून त्याच्या आत बसलेला होता, आणि त्याची पोर मात्र तक्त्याखाली वाढत होती. दीनाबाईंना त्याचा राग येईना. पण विचारायचं ते विचारलंच पाहिजे.

"हाडं तू परत नेलीस का?"

"नाही. आईची शपथ."

"मग कवटीकडे चोरासारखा का बघत होतास?"

नितेशनं चष्मा काढून पुसला. "ती कवटी मोझेस डॉक्टरांची नाही. प्लॅस्टिकची आहे, चांगल्यातली. मनाली लहान असताना तिच्या हातून खरी पडली, चुरा झाला. हाताची बोटं, पाऊल, तीही वर्षानुवर्षांत हरवत गेली होती. मी प्लॅस्टिकची आणून ठेवली. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

दीनाबाई ताठ बसल्या. कवटी, बोटं, पाऊल. म्हणजे चोरानं जे ठेवलं ते सगळं प्लॅस्टिक, आणि जे नेलं ते सगळं खरं.

"आणि खऱ्या कवटीचे तुकडे? कचऱ्यात टाकलेस?"

"नाही हो." नितेश खाली बघत म्हणाला. "टाकवेनात. एका सकाळी एकटाच जाऊन कुंडलिका नदीत सोडले. हसाल तुम्ही. डॉक्टर माणूस, पण हात जोडले गेले."

दीनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली. "तू मला चोर सांगितलास बाळा. चहा पुन्हा कधीतरी."

५

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्यांनी सगळं एकेक करून मांडलं, फळ्यावर मांडत असत तसं.

नितेशला हाडं हवी असती तर त्यानं ट्रंकच ठेवून घेतली असती. सुजयनं मणके घेतले असते. त्याला बरगड्या काय करायच्या? महिपतीनं सगळंच खाडीत लोटलं असतं. विकणाऱ्यानं कवटी सोडली नसती, प्लॅस्टिकची असली तरी. या तिघांच्या लेखी ट्रंकेत होता तो अभ्यास. कोणाला तो हवा होता, कोणाला नको होता.

पण अशी एक नजर होती, जिला ट्रंकेत अभ्यास दिसलाच नाही. तिला माणूस दिसला.

देवांवर रुमाल का? तिळगूळ का नाही? दुसऱ्याच्या पोराला आपल्या घरचं पाणी का नाही? पोपटीच्या दिवशी उपास कसला? आई गेली तेव्हा दीनाबाईंच्या घरी सात दिवस चूल पेटली नव्हती, शेजाऱ्यांनी डबे आणले होते. प्रत्येकाची रीत वेगळी. पण ज्या घरात माणूस गेलेला असतो, ते घर ओळखू येतं. ते आपल्याला ओळखू आलं नाही, कारण त्या घरात कोणी मेलंच नव्हतं.

आणि आपलं ते कोरं मडकं.

दीनाबाईंना एकदम शेतावरची वाट आठवली. पोपटीला जाताना महिपतीनं सगळ्यांना लांबचा वळसा घालून नेलं होतं. "बांधावरच्या उंबराखालून नको," एवढंच म्हणाला होता तो. त्यांनी का म्हणून विचारलंही नव्हतं. विसर्जनापर्यंत अस्थींचं गाठोडं घरात नेत नाहीत, झाडालाच टांगतात.

त्या कासू स्टेशनावर उतरल्या आणि भराभर चालू लागल्या. कोणी ते गाठोडं उतरवून नेलं असेल तर सगळंच संपलं होतं.

६

उन्हं कलली होती. बांधावर दीनाबाईंनी फोन करून बोलावलेली सुरभी होती, महिपती शिफ्ट बुडवून आलेला, आणि मागून काठी टेकत विमलबाई. तिला कोणी बोलावलं नव्हतं. दीनाबाई उंबराकडे वळलेल्या दिसल्या, तेव्हाच ती निघाली होती.

उंबराच्या खालच्या फांदीला नव्या पांढऱ्या कापडाचं लांबट गाठोडं टांगलेलं होतं. शेजारी शिंक्यात मडकं, त्याचं तोंड बांधलेलं.

"ते पल्याडच्या पाड्यावरच्या कोणाचं तरी असंल," महिपती कुजबुजला. "मॅडम, कोणाच्या अस्थी असतात, हात नका लावू."

"म्हणूनच आठवडाभर कोणी लावला नाही," दीनाबाई म्हणाल्या. "अख्ख्या गावात याच्याइतकी सुरक्षित जागा नाही. जाणारा बघतो, मान वळवतो, पुढे जातो. कुणाचं, हेसुद्धा विचारत नाही." त्यांनी मडक्याकडे बोट दाखवलं. "हे माझं मडकं आहे, महिपती. पेणच्या बाजारातलं."

महिपतीनं मडकं पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "आये?"

विमलबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता. असलाच तर थोडा राग होता.

"चोरी काय केली मी? मयत माणूस पेपरात गुंडाळून ट्रंकेत कोंबलेला. असा ठेवतात व्हय? मी म्हटलं, घरात नको, पडवीत ठेवा. तुम्ही हसलात. त्या डॉक्टरला इचारलं, हा कोण, कुठला, तर म्हणतो कोणाला ठाऊक. आई असंल त्याची, वाट बघून गेली असंल." ती दम घ्यायला थांबली. "दुधानं धुतला. कापडात बांधला. दहा दिवसांचं सुतक मीच धरलं, घरच्यांना तरास नको म्हणून. हरिहरेश्वरला अस्थी सोडायला जाणारं कोणी भेटलं की द्यायचा होता सोबत."

सुरभीचा आवाज चिरकला. "आजी, सांगायचं तरी. मला चोर म्हणाले गो. आणि मी शिकणार कशावर?"

"ठेवलंय की तुझं," विमलबाई नवलानं म्हणाली. "प्लॅस्टिकचं वेगळं काढून ठेवलं. हाताला कळतं मला, घरात इतके डबे हायेत. मी समजले, शिकायला तेच असतंय, आणि हा बिचारा चुकून आलाय त्यात."

महिपती खाली बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला. हसू येत होतं की रडू, त्यालाच कळत नव्हतं.

सुरभी गाठोड्याकडे बघत होती. हात पुढं गेला आणि मागं आला. दीनाबाईंना सुजयचा जिना आठवला. एक पोर हाडानं क्रिकेट खेळत मोठं होतं आणि दुसऱ्या पोराच्या घरात त्याच हाडासाठी देव झाकले जातात. परीक्षेच्या टेबलापाशी मात्र दोघांना सारखाच प्रश्न विचारतात. पण या म्हातारीला अडाणी कसं म्हणायचं? आपल्या धर्मात तर माणूस शक्यतो त्याच दिवशी मातीत जातो. तरी ही ट्रंक आपण पोरांना देत आलो, मधल्या वर्षांत पलंगाखाली ठेवली आणि 'हा कोण' असं एकदाही विचारलं नाही. ते विचारणारी ही पहिलीच निघाली.

"विमलबाई," त्या म्हणाल्या, "याचं डोकं पुढं गेलंय. रोह्याला कुंडलिकेत. नितेशनं सोडलं, हात जोडून."

म्हातारीनं मान हलवली. "डोकं गेलं आणि धड राहिलं मागं. म्हणूनच माझा डोळा लागत नव्हता."

"तुम्ही म्हणाल तर उद्याच हरिहरेश्वरला नेऊ. मी गाडी करते. सुरभी प्लॅस्टिकवर शिकेल. जमेल तसं."

विमलबाई नातीकडे बघत राहिली. "यानं कोणाकोणाला शिकवलं आजवर?"

"रायगडातल्या कितीतरी पोरांना. शेवटी नितेशला. ज्यांच्या घरी शिकवणारं कोणी नव्हतं, त्यांना."

"म्हणजे मास्तर की." म्हातारीनं उंबराकडे पाहून डोक्यावर पदर ओढला. "मास्तराला मधेच घालवत नायत. पोरीचं होऊ दे. मग मी स्वतः नेईन हरिहरेश्वरला, गुडघा असो नायतर नसो. पण ट्रंकेत पेपर नको. माझं लुगडं फाडून देते. आणि पडवीत नको, आत ठेवा. पाव्हणा नाय तो आता."

महिपतीनं गाठोडं उतरवलं. दीनाबाईंनी तिथूनच नितेशला फोन लावला. "चोरी झालीच नव्हती. रविवारी कासूला ये. आधी या पोरीची माफी माग, मग तिला मणके शिकव. मनालीला आण, सुजयलाही सांगते. एकाच ट्रंकेवर तिघं बसू देत." पलीकडून नितेश काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही, पण दीनाबाईंनी "ये तर आधी" म्हणून फोन बंद केला.

उंबराच्या पारावर कापड पसरलं गेलं. सुरभीनं मांडीचं लांब हाड दोन्ही हातांनी उचललं. आजी शेजारी टेकली आणि तिनं हाडाच्या दुसऱ्या टोकाला आपला हात लावला, आजाऱ्याला धरतात तसा.

"सांग," दीनाबाई म्हणाल्या. "कुठली बाजू?"

सुरभीनं हाड फिरवलं, वरचा गोल भाग कुठं वळतो ते पाहिलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. "डावी."

"कशावरून?"

तिनं सांगितलं. अडखळत, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, पण सांगितलं. मग खालच्या रुंद टोकावरून बोट फिरवत म्हणाली, "आणि इथं खाली गुडघा."

विमलबाई पुढं वाकली. तिनं ते टोक नीट पाहिलं, मग लुगड्यावरून स्वतःचा गुडघा चाचपला.

"हेच काय गो?" तिनं विचारलं. "हेच झिजलंय माझं? बघ बरं."

सुरभीनं हाड अलगद कापडावर ठेवलं, हात पुसले आणि आजीच्या पायाशी बसली.

"पाय सरळ कर आजी," ती म्हणाली. "दुखतं कुठं, ते बोटानं दाखव."